शरदाच्या सुरुवातीला मोठ्या जलाशयात मासे शोधायचे कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. उन्हाळाभर एका बुडालेल्या टेकाडावर, नऊ-दहा मीटर खोलीत मासे लागत होते. गेले दोन आठवडे तिथे शुकशुकाट आहे. फिश फाइंडरवर (सोनार, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून मासे आणि तळ पडद्यावर दाखवणारं यंत्र) बारा-पंधरा मीटरच्या पट्ट्यात ठिपकेच ठिपके दिसतात, पण गळाला कोणी शिवत नाही. जलाशय अवाढव्य, हातात दिवस मोजके, तर शोध सुरू कुठून करायचा? आणि बोट नसलेल्या तुमच्या मित्रानं काठावर कुठे बसायचं?

आधी ते ठिपके निकालात काढू. उन्हाळा सरताना एवढ्या खोलीत दिसणारे ठिपके बरेचदा मासे नसतातच. कॅओबोरस नावाच्या चिलटासारख्या कीटकाच्या अळ्या दिवसा खोल पाण्यात दडून असतात. त्यांच्या अंगात हवेच्या बारीक पिशव्या असतात आणि सोनारचा ध्वनी हवेवरून जोरात परततो, म्हणून पडद्यावर जाड पट्टा उमटतो. प्राणवायू जवळजवळ संपलेलं पाणी या अळ्यांना चालतं. मासे तिथे उतरत नाहीत, हाच त्यांचा फायदा. दुसरा चकवा गाळातून सुटणाऱ्या मिथेनच्या बुडबुड्यांचा. ओळखायचं असेल तर बोट एका जागी स्थिर धरा. बुडबुडे असतील तर तळापासून वर चढत जाणाऱ्या तिरक्या रेघा दिसतात. अळ्यांचा पट्टा अंधार पडू लागला की आख्खाच्या आख्खा वर सरकतो. यांपैकी काही दिसलं तर त्या खोलीत जिग (वजनदार खोटं आमिष) नाचवत बसणं म्हणजे रिकाम्या घराची कडी वाजवणं.

आता मासे का गेले, ते. उन्हाळ्यात मोठ्या जलाशयाच्या पाण्याचे थर पडतात. वर कोमट, वाऱ्यानं ढवळलं जाणारं पाणी, खाली थंड आणि जड पाणी, आणि मध्ये काही मीटरांचा असा पट्टा जिथे तापमान झपाट्यानं उतरतं. दर मीटरला एक अंश सेल्सिअस किंवा जास्त उतार दिसला की समजायचं, हीच थर्मोक्लाइन. खालच्या पाण्याला वरची हवा मिळत नाही, आणि वरून मरून पडणारं शेवाळ तिथेच कुजतं. ही कूज महिनोन्महिने प्राणवायू खात राहते. म्हणून खोल पाण्यात प्राणवायूचा सगळ्यात मोठा दुष्काळ पडतो तो उन्हाळा संपता संपता, म्हणजे आत्ता. तुमच्या टेकाडावरची नऊ-दहा मीटरची खोली मधल्या काळात राहण्याजोगी उरली नसेल, तर मासे तिथे थांबतील कशाला?

त्यात दुसरी गोष्ट घडते. रात्री मोठ्या होतात, वरचं पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. भर उन्हाळ्यात ऊन आणि उकाडा टाळण्यासाठी मासे खोल कडांना धरून होते, ती सक्ती आता संपते. थंड पाण्यात प्राणवायूही जास्त मावतो. २५ अंशांना लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम, १५ अंशांना १०.१ मिलिग्रॅम. थोडक्यात, खालचं दार बंद झालंय आणि वरची सगळी दारं उघडलीयत. मासे पसरतात. मोठ्या जलाशयात शरदाची सुरुवात अवघड वाटते ती याच पसरण्यामुळे. मासे नीट खात असतात, फक्त एका जागी गोळा झालेले नसतात.

तेव्हा माझं सांगणं असं की पहिल्या दिवशी मासे शोधू नका, पाणी बाद करा. जिथे मासा असूच शकत नाही ते पाणी आधी नकाशावरून पुसायचं, उरलेल्यात बारीक मासळी शोधायची, आणि ती दिसेपर्यंत गळ ओला करायचा नाही. ही शेवटची अट पाळणं सगळ्यात कठीण जातं.

माशांच्या दृष्टीनं तळ कुठे लागतो, म्हणजे थर्मोक्लाइन किती खोल आहे, ते मोजायला महागडं यंत्र लागत नाही. जाड प्लॅस्टिकची रुंद तोंडाची बाटली घ्या, झाकणाला आणि बुडाला एकेक बारीक भोक पाडा, आत थर्मामीटर बांधा, खाली शिशाचं वजन लावा आणि दर मीटरला गाठ मारलेल्या दोरीनं सोडा. बाटली भरल्यावर त्या खोलीवर तीन-चार मिनिटं राहू द्या, मग झपझप वर ओढा. भोकं बारीक असल्यामुळे आतलं पाणी वर येईपर्यंत फारसं बदलत नाही. समजा वर २४ अंश, सहा मीटरवर २३.५, सात मीटरवर २३ आणि आठ मीटरवर एकदम २० आलं, तर सात ते आठच्या मध्ये तुमचा कामचलाऊ तळ आहे. खरा तळ तीस मीटर खाली असला तरी तो माशाच्या उपयोगाचा नाही. फिश फाइंडरची संवेदनशीलता वाढवली तर हाच पट्टा पडद्यावर धुरकट आडव्या रेघेसारखा दिसतो. बाटलीनं एकदा खात्री करून घेतली की पुढे त्या रेघेवर भरवसा ठेवता येतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजणारं मीटर कोणाकडून मिळालं तर उत्तमच. लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या वर बहुतेक मासे निवांत असतात, दोन-तीनच्या खाली आले की निघून जातात. पण सगळेच जलाशय सारखे नसतात. स्वच्छ, कमी शेवाळाच्या खोल पाण्यात थर्मोक्लाइनच्या खालीही प्राणवायू टिकून राहतो, आणि ट्राउटसारखे थंड पाण्याचे मासे मजेत तिथेच राहतात. पाणी हिरवं असेल तर मात्र खालचं पाणी बिनदिक्कत बाद करा.

एकदा हा आकडा हातात आला की खोलीच्या रेषा असलेल्या नकाशावर आठ मीटरपेक्षा खोल असलेला सगळा तळ खोडा. जलाशयाचा बराच तळ तिथेच गळून पडतो. उरतात त्या काठालगतच्या सपाट्या, पाण्यात उतरलेल्या डोंगराच्या सोंडा, वर आलेली टेकाडं आणि जमिनीत आत शिरलेले पाण्याचे फाटे. खोल पाण्यावर, वरच्या थरात तरंगत फिरणारे मासेही असतात, पण त्यांच्यामागे लागणं हे वेगळं काम आहे.

जलाशय हा मुळात बुडालेला मुलूख असतो, हे विसरू नका. धरण बांधण्याआधीचा जुना भूनकाशा मिळाला तर जुनं नदीपात्र, ओढ्यांची वळणं, रस्ते, पूल, दगडी बांध, विहिरी सगळं कळतं. तो नसेल तर उपग्रहाची जुनी छायाचित्रं काढून पाणी सगळ्यात खाली गेलेल्या वर्षाचं चित्र बघा, तळ उघडा पडलेला दिसतो. या मोसमात माझा सगळ्यात जास्त भर एका गोष्टीवर असतो. फाट्याच्या आत जुना ओढा वळण घेऊन काठाच्या अगदी जवळ येतो, ती जागा. एका बाजूला दोन मीटरची सपाटी, दुसऱ्या बाजूला सहा मीटरची नाळ आणि कडेला दोन-चार खोडं. शिकारी मासा नाळेच्या कडेनं आत-बाहेर करतो आणि अशा वळणावर थांबतो.

फाटेच का? कारण उथळ फाट्यांचं पाणी मुख्य पात्राच्या आधी थंड होतं आणि बारीक मासळी प्लवकांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या) मागे आत शिरू लागते. या वर्षी जन्मलेली पिल्लं आता बोटभर झालेली असतात आणि थव्यानं फिरतात. अमेरिकेतल्या जलाशयांत शॅड नावाची मासळी दर शरदात अशी फाट्यांत चढते आणि बास हा शिकारी मासा तिच्यामागे जातो, हे तिथल्या प्रत्येक गळवाल्याला पाठ असतं. मासळीचं नाव जागोजागी बदलतं, चाल बदलत नाही. फक्त घाई करू नका. सुरुवातीच्या आठवड्यांत मासळी फाट्याच्या तोंडाशी किंवा फार तर मध्यापर्यंत असते, अगदी टोकाला पोचायला आणखी गारवा लागतो. म्हणून एका फाट्यात तीन ठिकाणी थांबायचं: तोंडावरची सोंड, मधली एखादी दुय्यम सोंड, आणि टोकाची सपाटी. प्रत्येक ठिकाणी आडवंतिडवं बोट फिरवून पडदा बघा. वीस मिनिटांत मासळी दिसली नाही की पुढे. दोन फाटे असे पिंजून काढले की बहुतेक वेळा एक नमुना हाती लागतो, आणि मग तो बाकीच्या फाट्यांत ताडून बघायचा. जिवंत पाणी येणारा फाटा कोरड्या फाट्यापेक्षा केव्हाही आधी बघा.

येणाऱ्या पाण्याबद्दल एक बारकावा सांगतो. नदीचं पाणी जलाशयापेक्षा थंड असेल तर ते वर पसरत नाही, एका ठिकाणी बुडी मारून खालून सरकू लागतं. त्या बुडीच्या रेषेवर काटक्या, पानं, फेस यांची आडवी ओळ अडकून राहते. रेषेच्या नदीकडच्या अंगाला गढूळ, जलाशयाकडच्या अंगाला निवळ. ही ओळ दिसली तर तिच्या दोन्ही अंगांनी गळ फिरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. नदी संपून जलाशय सुरू होतो त्या पट्ट्यात गाळ खाली बसू लागतो, उजेड आत शिरतो आणि नदीनं आणलेलं खत-अन्न अजून शिल्लक असतं. सगळी अन्नसाखळी तिथे जोरात चालते. धरणाच्या भिंतीजवळचं खोल, निळंशार पाणी फोटोसाठी चांगलं. या मोसमात मी तिकडे सगळ्यात शेवटी जातो.

वारा. नवखे लोक वाऱ्याचा काठ टाळतात, आणि मला ते समजतं, कारण तिथे बोट धरणं त्रासाचं असतं. पण वरचं पाणी वाऱ्याबरोबर वाहतं आणि प्लवक त्या काठावर साचतात, मागोमाग बारीक मासळी, मागोमाग बाकीचे. वारा जरा जोराचा झाला की पाण्यावर वाऱ्याच्या दिशेनं फेसाचे समांतर पट्टे पडतात. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्युअर यांनी १९३८ मध्ये त्याचं कारण मांडलं. पृष्ठभागाखाली पाण्याचे लांबट भोवरे जोडीनं फिरतात आणि दोन भोवरे जिथे एकत्र येऊन खाली वळतात तिथे तरंगतं सगळं गोळा होतं. मोकळ्या पाण्यात गळ फिरवायचा असेल तर या पट्ट्यांच्या रेषेत फिरवा.

वाऱ्याचा दुसरा परिणाम डोळ्यांना दिसत नाही, पण तो जास्त महत्त्वाचा. दिवसभर एकाच दिशेनं वारा वाहिला की कोमट पाणी त्या टोकाला जाऊन साचतं आणि थर्मोक्लाइन तिरकी होते. वारा जिकडे जातो तिकडे ती खाली दबते, जिकडून येतो तिकडे वर चढते. वारा थांबला की हा आतला थर मागेपुढे झुलत राहतो. स्कॉटलंडच्या लॉख नेसमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तापमान मोजून हे दाखवलं गेलं होतं. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की सकाळी एका टोकाला मोजलेले आठ मीटर दुसऱ्या टोकाला सहा असू शकतात आणि उद्या उलट. वाऱ्याचे दोन दिवस गेले की बाटली पुन्हा सोडा. काल सात मीटरवर लागलेले मासे आज त्याच जागी पाच मीटरवर का आले, याचं उत्तर बरेचदा इथे असतं.

पाण्याच्या पातळीकडे लक्ष असू द्या. काही जलाशय या काळात पुराची जागा करण्यासाठी किंवा वीजनिर्मितीसाठी उतरवले जातात, काही नुकतेच पावसानं तुडुंब झालेले असतात. पाणी उतरत असेल तर मासे उथळ सपाटी सोडून जवळच्या पहिल्या कडेला येतात, चढत असेल तर बुडालेल्या गवताझुडपांत शिरतात. विमोचकातून (धरणातून पाणी सोडायच्या दारातून) पाणी सोडायला लागले की सोंडांच्या टोकांवर प्रवाह येतो आणि थंड पडलेली जागा अर्ध्या तासात जागी होऊ शकते. सोडण्याची वेळ कळत असेल तर ती आधी बघा, बाकी सगळं नंतर.

पडदा वाचताना एवढं लक्षात ठेवा: यंत्राचा ध्वनी खाली शंकूसारखा पसरतो; वीस अंशांचा शंकू असेल तर नऊ मीटरवर तुम्हाला जेमतेम तीन मीटर व्यासाचं वर्तुळ दिसतं. दोन मीटर पाण्यात तर अक्षरशः बोटीखालचंच. म्हणून उथळ फाट्यात पडद्यापेक्षा डोळे कामाला येतात. सैल ढगासारखी पसरलेली मासळी म्हणजे तिला कोणी छेडत नाहीये. घट्ट गोळा, एका बाजूनं फाटलेला किंवा पृष्ठभागाकडे रेटलेला, म्हणजे खाली कोणीतरी आहे. गोळ्याच्या खाली किंवा कडेला सुट्या कमानी (पडद्यावर मोठे मासे असे दिसतात) दिसल्या की थांबा आणि लांबून गळ टाका, त्यावरून बोट नेऊ नका.

पक्षी फुकटचा सोनार आहेत. सुरय आणि कुरव एका जागी घिरट्या घालून सूर मारत असतील तर मासळी वर रेटली गेली आहे. टिबुकल्यांचा घोळका एकाच पट्ट्यात बुड्या मारतोय, तर तिथे खाली बारीक मासळी आहे. पाणकावळे नुसते पंख वाळवत बसले असतील तर त्यातून काही अर्थ काढू नका. काठालगत ओळीनं बगळे उभे असले तर तो काठ मित्राला सांगून ठेवा.

आमिषावर फार शब्द घालवत नाही. मासळीच्या मापाचं, चंदेरी, झटपट पाणी कापणारं काहीही चालेल. शोधताना संथ आमिष वापरू नका, मासे सापडल्यावर वापरा.

हवामानावरून होणारा वाद मात्र उकरतो. पहिली थंड लाट आली की मासे एक-दोन दिवस गप्प होतात, हे खरं. याचं खापर लोक हवेच्या दाबावर फोडतात, ते मला पटत नाही. हवेचा दाब वीस हेक्टोपास्कलनं बदलणं ही मोठी घटना झाली, आणि तो बदल म्हणजे पाण्यात फक्त वीस सेंटिमीटर वर-खाली होण्याइतका. मासा शेपटीच्या एका फटकाऱ्यात त्याहून जास्त खोली बदलतो. लाटेनंतर बदलतात ते प्रकाश, वारा आणि उथळ पाण्याचं तापमान. निरभ्र आकाश, पडलेला वारा आणि रात्रीत गार झालेली सपाटी, एवढं कारण पुरेसं आहे. अशा दिवशी सपाटी सोडा, कडेला लागून दोन मीटर खाली या आणि दुपारच्या उन्हाची वाट बघा.

आणखी पुढे, गारवा वाढला की थर मोडून सगळं पाणी एकत्र ढवळलं जातं. सुरुवातीलाच हे होत नाही, कारण कोमट पाण्याचे थर घट्ट असतात. २५ आणि २४ अंशांच्या पाण्याच्या घनतेतला फरक ५ आणि ४ अंशांमधल्या फरकाच्या सुमारे तीसपट असतो. ढवळण सुरू झाली की पाणी मळकट होतं, कुजक्या अंड्यांचा वास येतो, फेस दिसतो. तेव्हा वर सांगितलेली बाटली आठवडाभर कपाटात ठेवा. मोठ्या जलाशयात ही ढवळण सगळीकडे एकदम होत नाही. उथळ फाटे आधी उरकतात आणि निवळतात, भिंतीजवळचं खोल पाणी सर्वांत शेवटी. वास आला की वास नसलेल्या फाट्यात जा.

आता तुमचा मित्र. काठावरून मारणाऱ्याला या मोसमात खरं तर बोटवाल्यापेक्षा कमी फिरावं लागतं, कारण मासे त्याच्याकडे येत असतात. दोन-तीन दिवस एकाच दिशेनं वारा वाहिलेला काठ निवडायचा, त्यातही जिथे खोल नाळ काठापासून गळाच्या टप्प्यात येते ती जागा. तळ चाळून खाणारे मासे, म्हणजे कार्प, रोहू, मृगळ, अशा काठावर लाटांनी सुटलेला गाळ धुंडाळायला येतात. पहाटे पाणी शांत असताना बुडबुडे बघायला सांगा. एकाच बिंदूतून राहून राहून सुटणारे मोठे बुडबुडे हे गाळातल्या वायूचे. साबणाच्या फेसासारखे बारीक बुडबुडे झुबक्यानं वर येत असतील आणि झुबका हळूहळू पुढे सरकत असेल, तर खाली मासा तोंड खुपसून चरतोय. गळ त्या झुबक्यावर टाकायचा नाही, तो जिकडे सरकतोय त्या दिशेला दोन-तीन मीटर पुढे टाकायचा आणि तंगूस (गळाची दोरी) सैल सोडून बसायचं. चारा थोडा थोडा, पण रोज त्याच जागी टाकता आला तर फारच छान. मात्र पाणी उतरत असलेल्या जलाशयात ती जागा आठवडाभरात कोरडी पडू शकते, तेव्हा आदल्या दिवशी पाण्याच्या कडेला एक काठी रोवून ठेवायला सांगा आणि जेवढं पाणी मागे हटेल तेवढंच त्यानं पुढे सरकावं.